हलका लॅपटॉप घेताना सोल्डर कुठे आहे ते आधी बघा

दुकानात एकाच कंपनीचे, एकाच सांगाड्याचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवलेले असतात. एकावर लिहिलेलं असतं आय७ (इंटेलचा प्रोसेसर), ८ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती जागा), ५१२ जीबी एसएसडी (फायली कायमच्या साठवायची जागा). दुसऱ्यावर आय५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. किंमत जवळपास सारखी. विक्रेता पहिल्याकडे बोट दाखवतो, कारण ७ हा आकडा विकायला सोपा. घ्यायचा मात्र दुसरा.

सव्वा-दीड किलोच्या लॅपटॉपमध्ये एकच प्रश्न आधी विचारायचा: यातलं नंतर काय बदलता येईल? प्रोसेसर कधीच बदलता येत नाही, पण आय५ आणि आय७ मधला फरक एवढ्या पातळ सांगाड्यात फारसा दिसतच नाही. रॅम बहुतेक वेळा बोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली असते. जी घेतली ती जन्माची. एसएसडी बहुतेक वेळा एका स्क्रूवर बसवलेली असते, म्हणजे अर्ध्या तासाचं काम. त्यामुळे पैसे आधी रॅमला, मग प्रोसेसरला, एसएसडीला सगळ्यात शेवटी. एसएसडीही सोल्डर असेल तर हा क्रम मोडतो. ते पुढे येईल.

वॅटचा हिशोब

आय५-१३३५यू आणि आय७-१३५५यू समोरासमोर ठेवा. दोन्हीत २ मोठे आणि ८ छोटे कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), दोन्हीत १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), १२ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), १५ वॅट बेस पॉवर. फरक दोन ठिकाणी आहे. कमाल वेग ४.६ ऐवजी ५ गिगाहर्ट्झ, आणि ग्राफिक्सची युनिट ८० ऐवजी ९६. त्यातला ५ गिगाहर्ट्झचा वेग एखाद-दुसराच कोअर गाठतो आणि तोही थोडा वेळ. एक्सेल उघडायला, ब्राउझर चालवायला, पीडीएफ चाळायला हा फरक हाताला लागत नाही.

खरी मर्यादा उष्णतेची असते. इंटेलच्या कागदावर या दोन्ही प्रोसेसरची कमाल टर्बो पॉवर (थोडा वेळ खाता येणारी जास्तीत जास्त वीज) ५५ वॅट आहे, पण एवढी उष्णता सतत बाहेर फेकणारा पंखा आणि तांब्याची नळी सव्वा किलोच्या लॅपटॉपमध्ये बसत नाही. म्हणून कंपनी आपापल्या सांगाड्याप्रमाणे मर्यादा घालते. मोठी झिप फाइल उघडायला घेतली की पहिली पंचवीस-तीस सेकंदं प्रोसेसर ३५-४० वॅट खातो, पंखा जागा होतो, आणि मग पॉवर १५ ते २० वॅटवर उतरून तिथेच राहते. त्यानंतर आय५ काय आणि आय७ काय, दोघंही त्याच १५-२० वॅटमध्ये संसार करतात. यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघताना बेंचमार्क (वेग मोजायची चाचणी) एकदाच चालवलाय की दहा मिनिटं सलग, हे म्हणूनच बघायचं. एकदाच चालवलेल्या छोट्या बेंचमार्कात मुख्यतः सुरुवातीचा हा जोरच मोजला जातो.

यात आपल्याकडचा उन्हाळा धरा. प्रोसेसर साधारण १०० अंशांना स्वतःला आवरतो. खोली २० अंशांची असेल तर उष्णता बाहेर जायला ८० अंशांचा फरक मिळतो. अकोल्यात मे महिन्यात पंख्याखालची खोली ४० अंशांवर असेल तर तोच फरक ६० वर येतो, म्हणजे पाव भाग गेला. जानेवारीत २० वॅट पेलणारा लॅपटॉप मे महिन्यात १५ च पेलेल. लॅपटॉप कंपन्यांची तापमानाची शिफारसही अशीच आहे. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी खोलीचं तापमान १० ते ३५ अंश सांगते. अशा तापलेल्या खोलीत, गादीवर लॅपटॉप ठेवून, खालच्या जाळ्या बुजवून कोणताही प्रोसेसर मंदच वाटणार. आधी तो टेबलावर घ्या.

एच अक्षराचे प्रोसेसर, उदाहरणार्थ आय५-१२४५०एच किंवा १३४२०एच, ४५ वॅटसाठी बनवलेले आहेत. हल्ली ते दीड-पावणेदोन किलोच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास टाकतात. ४ मोठे कोअर असल्याने कोड कंपाइल करायला, फोटोंची बॅच काढायला ते यू मालिकेपेक्षा (वरच्या १३३५यू सारखे, १५ वॅटचे) बरे. पण कंपनी त्यांना अशा सांगाड्यात पूर्ण पॉवर देतेच असं नाही, आणि वर ४०-४५ वॅट-अवरची छोटी बॅटरी जोडते. दिवसभर चार्जरला लावून ठेवणार असाल तर एच चालेल. लोकलमध्ये आणि वर्गात उघडणार असाल तर नको.

बॅटरीचा अंदाज भागाकाराने येतो. वाय-फाय चालू, स्क्रीन निम्म्या उजेडावर, ब्राउझर आणि वर्ड उघडे असताना चांगला यू लॅपटॉप ६ ते ८ वॅट खातो. ५० वॅट-अवरच्या बॅटरीला ७ ने भागा, सात तास. जाहिरातीतले १८ तास मंद उजेडात व्हिडिओ लूपवर लावून मोजलेले असतात.

नावातली अक्षरं आणि आकडे

सगळ्यात जास्त फसगत एएमडीच्या ७००० मालिकेत होते. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू यांच्या नावात एका आकड्याचा फरक, पण आतून दोन वेगळी घराणी. इथे तिसरा आकडा बघायचा असतो. २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४ (झेन हे एएमडीच्या कोअर-डिझाइनचं नाव, पुढचा आकडा पिढीचा). ७५२०यू मध्ये झेन २ चे ४ कोअर, ४ एमबी एल३ कॅश आणि अगदी किरकोळ ग्राफिक्स. झेन २ हे मुळात २०१९ चं डिझाइन. ७५३०यू मध्ये झेन ३ चे ६ कोअर आणि १६ एमबी कॅश. भरीस भर म्हणजे ७५२०यू आणि त्याचा धाकटा भाऊ ७३२०यू यांना फक्त एलपीडीडीआर५ (कमी वीज खाणाऱ्या प्रकारची) रॅम चालते, आणि ती सोल्डरच असते. त्यामुळे या प्रोसेसरचा ८ जीबीवाला लॅपटॉप मरेपर्यंत ८ जीबीच राहतो. "रायझन ५, ७००० सिरीज, ८ जीबी एलपीडीडीआर५" असं लेबल दिसलं की तिसरा आकडा शोधा. जुन्या ५००० मालिकेतही असाच घोळ आहे: ५५००यू झेन २, आणि ५६००यू झेन ३.

इंटेलकडे नवं नाव म्हणजे नवा माल असं समजू नका. कोअर ५ १२०यू आणि कोअर ७ १५०यू ही नावं नवी वाटतात, पण आत तेराव्या पिढीचंच डिझाइन आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त नव्याची किंमत देऊ नका. कोअर अल्ट्रा हे नाव डिसेंबर २०२३ मध्ये आलं. त्यातही शेवटचं अक्षर बघायचं: यू, एच की व्ही. हलक्या लॅपटॉपसाठी यातला व्ही सगळ्यात सरस. हे २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आलेले अल्ट्रा २०० व्ही मालिकेचे प्रोसेसर. ४ मोठे, ४ छोटे, एकूण ८ कोअर, पण ग्राफिक्स दणदणीत आणि बॅटरी खरोखर दिवसभराची. मात्र यांची रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवलेली असते. नावातला शेवटचा आकडा ६ असेल तर १६ जीबी आणि ८ असेल तर ३२ जीबी, म्हणजे २२६व्ही आणि २५६व्ही हे १६ जीबीवाले, २२८व्ही आणि २५८व्ही हे ३२ जीबीवाले. नाव वाचूनच रॅम कळते, ही एक दुर्मीळ सोय आहे.

झाकणावरच्या "एआय" स्टिकरला फार भाव देऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस पीसी या एआय लॅपटॉपच्या वर्गासाठी ४० टॉप्सचं एनपीयू (एनपीयू म्हणजे एआयच्या कामाचा वेगळा भाग, टॉप्स हे त्याच्या वेगाचं माप), १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज लागतं. अल्ट्रा ५ १२५यू चं एनपीयू ११ टॉप्सच्या आसपास आहे, तरी स्टिकर असतोच. व्ही मालिका, रायझन एआय ३०० मालिका आणि स्नॅपड्रॅगन एक्स ही अट पुरी करतात. ती पुरी न झाल्यानं रोजचं कुठलंही काम अडत नाही.

खालच्या टोकाला इंटेलचा एन१००. चारही कोअर छोटे, ६ वॅट, रॅमला एकच चॅनेल (ये-जा करायचा रस्ता). टायपिंग, ऑनलाइन तास, बँकेचं काम एवढ्यापुरता तो ठीक आहे. व्हिडिओ कॉल चालू असताना स्क्रीन शेअर केली की त्याचा दम लागतो. त्याच्यापेक्षा आय३-१२१५यू किंवा १३१५यू कितीतरी बरे, कारण त्यांत निदान २ मोठे कोअर आहेत. आणि वापरलेला बिझनेस लॅपटॉप घेत असाल तर इंटेलची आठवी पिढी ही किमान पायरी धरा. त्याखाली विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

डोंगल असेल तर एआरएम जपून

स्नॅपड्रॅगन एक्स हा एआरएम जातीचा प्रोसेसर, इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेचा. त्याचे लॅपटॉप हलके, थंड, बॅटरीला उत्तम. नेहमीची विंडोज सॉफ्टवेअरं त्यावर अनुवादाच्या थरातून चालतात आणि बहुतेक वेळा कळतही नाही. पण हा थर प्रोग्रामपुरता आहे, ड्रायव्हरला (जोडलेलं यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) तो लागू पडत नाही. ड्रायव्हर एआरएम विंडोजसाठीच लिहिलेला असावा लागतो. आपल्याकडे अडतं ते नेमकं इथे: डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, बोटांचे ठसे घेणारं यंत्र, दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा लेझर प्रिंटर, जुन्या मराठी फॉन्ट पॅकेजचा डोंगल (परवान्यासाठी लावायची यूएसबी किल्ली), ऑफिसचं व्हीपीएन. महाटेंडर्सवर निविदा भरणारा कंत्राटदार किंवा दिवसभर जीएसटी आणि आयकराच्या साईटवर सह्या करणारं सीए ऑफिस यांनी टोकन बनवणाऱ्याच्या साईटवर एआरएम ड्रायव्हर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय हा लॅपटॉप घेऊ नये. निविदेच्या शेवटच्या तासात टोकन ओळखलं गेलं नाही तर बॅटरी कितीही टिको, उपयोग शून्य. बाकी लेखन, ब्राउझर, ऑफिस एवढंच काम असेल तर हा चांगला सौदा आहे.

मॅकबुक एअरचं गणित वेगळं, कारण तिथे रॅमही पक्की आणि एसएसडीही पक्की. ऑक्टोबर २०२४ पासून ॲपलनं एअरची सुरुवातच १६ जीबीपासून केली, त्यामुळे रॅमचा प्रश्न बराचसा मिटला. जुना घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ॲपलच्या एम२ प्रोसेसरच्या एअरच्या २५६ जीबी मॉडेलमध्ये स्टोरेजची एकच चिप होती, त्यामुळे तिचा वाचण्याचा वेग आधीच्या एम१ पेक्षाही कमी, साधारण निम्म्यावर, १५०० एमबी प्रतिसेकंदाच्या आसपास आला होता. एम३ मध्ये पुन्हा दोन चिपा आल्या. ८ जीबी रॅमवर मॅक सारखा एसएसडीचा आधार घेतो, म्हणून ८ जीबी आणि २५६ जीबीचा एम२ ही जोडी टाळा. त्यापेक्षा ५१२ जीबीचा घ्या. २०२५ च्या एम४ एअरमध्ये २५६ वरून ५१२ वर जायला ॲपल भारतात वीस हजारांच्या घरात घेत होती. तेवढ्यात तेव्हा १ टीबीची बाहेरची एसएसडी येऊन पैसे उरत, पण ती रोज सोबत वागवायची तयारी हवी.

रॅम

८ जीबीचा विंडोज ११ लॅपटॉप चालू करून काहीही न उघडता टास्क मॅनेजर बघा. साडेतीन-चार जीबी आधीच गेलेली असते. एएमडीच्या काही लॅपटॉपवर तर "८ जीबी, वापरण्याजोगी ५.९" असं दिसतं, कारण २ जीबी ग्राफिक्ससाठी बाजूला काढलेली असते. उरलेल्यात ब्राउझरचे पंधरा टॅब, मीटिंगचं सॉफ्टवेअर, एक एक्सेल, व्हॉट्सॲप. रॅम संपली की विंडोज रॅममधला काही डेटा एसएसडीवर लिहायला लागतं, आणि लॅपटॉप मधूनच एक-दोन सेकंद थिजतो. लोक याला "प्रोसेसर स्लो आहे" म्हणतात. प्रोसेसर बिचारा मोकळा बसलेला असतो.

१६ जीबी ही आजची सरळ निवड. ३२ कोणाला? व्हर्च्युअल मशीन, डॉकर, अँड्रॉइड स्टुडिओ, मोठे फोटो संच चालवणाऱ्यांना. आणि सोल्डर रॅमचा लॅपटॉप सहा-सात वर्षं वापरायचा बेत असेल त्यांनाही, परवडत असेल तर.

सोल्डर या शब्दाला मात्र भिऊ नका. एलपीडीडीआर५ आणि ५एक्स रॅम जवळपास नेहमी सोल्डरच असते, वीज कमी खाते आणि वेगानंही वरचढ असते. खरी गोची निराळीच आहे: ८ जीबीची एकच कांडी लावलेला लॅपटॉप. तिथे रॅमचं एकच चॅनेल चालतं आणि ग्राफिक्स निम्म्या रुंदीच्या रस्त्यावरून धावतं. आय५-१२३५यू किंवा १३३५यू च्या लॅपटॉपवर हे डोळ्यांनी बघता येतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर उघडा. दोन चॅनेल असतील तर "आयरिस एक्सई" असं नाव दिसतं, एकच असेल तर त्याच चिपचं नाव "यूएचडी ग्राफिक्स" होतं. मोकळ्या स्लॉटमध्ये ८ जीबीची दुसरी कांडी घातली की नाव आपोआप बदलतं. बाहेरचा ४के मॉनिटर जोडणाऱ्यांना आणि थोडंफार गेमिंग करणाऱ्यांना फरक लगेच जाणवतो.

८ जीबी सोल्डर आणि एक स्लॉट अशीही रचना असते. त्यात ८ ची कांडी घातली तर १६ जीबी पूर्ण दोन चॅनेलवर चालते. १६ ची घातली तर २४ पैकी पहिली १६ दोन चॅनेलवर आणि उरलेली ८ एकावर. रोजच्या कामात हे चालून जातं.

दुकानातच तपासायचं तर टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. खाली "फॉर्म फॅक्टर" पुढे "रो ऑफ चिप्स" लिहिलं असेल तर रॅम सोल्डर, "सोडिम" लिहिलं असेल तर कांडी. ऑनलाइन घेताना कंपनीची सर्व्हिस मॅन्युअल शोधा. लेनोवोची पीएसआरईएफ नावाची साईट यात सगळ्यात सोयीची. मॉडेल टाकलं की रॅम सोल्डर आहे का, स्लॉट किती, एसएसडीच्या पट्टीचं माप २२४२ की २२८०, सगळं एका पानावर. डेल आणि एचपीच्या मॅन्युअलमध्ये तर झाकण उघडून कुठला भाग कसा निघतो त्याची चित्रंच असतात. विक्री करणाऱ्या साईटवरच्या "एक्सपांडेबल मेमरी" या ओळीवर विश्वास ठेवू नका. ती बऱ्याचदा दुसऱ्याच मॉडेलवरून उचललेली असते.

एसएसडी: लेबलावरचा आकडा आणि आतला माल

५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसते, २५६ ची २३८ आणि १ टीबीची ९३१. यात चोरी नाही. कंपनी हजारच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. २३८ मधून विंडोज, ऑफिस, अपडेटची साठवण आणि रिकव्हरी पार्टिशन यांना साठ-सत्तर जीबी द्या, पाचवा हिस्सा मोकळा ठेवा, हातात सव्वाशेच्या आत उरतं. एक फोन बॅकअप आणि लग्नाचे व्हिडिओ आले की संपलं. म्हणून २५६ फक्त तेव्हाच, जेव्हा एसएसडी बदलता येते आणि किमतीत खरोखर फरक आहे.

पाचवा हिस्सा मोकळा का ठेवायचा? एसएसडीच्या एका पेशीत टीएलसी प्रकारात ३ बिट साठवतात, क्यूएलसीत ४. जितके बिट जास्त तितकं लिहिणं सावकाश. हे झाकायला ड्राइव्ह मोकळ्या जागेचा काही भाग एक बिटच्या वेगवान कॅशसारखा वापरतो. जागा भरत गेली की ही कॅश आक्रसते. कॅश संपल्यावर काही क्यूएलसी ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग सेकंदाला १०० एमबीच्या आसपास येतो, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कइतका. भरत आलेल्या ड्राइव्हवर बाहेरच्या वेगवान एसएसडीवरून चाळीस जीबी कॉपी करताना पहिले काही जीबी झरझर जातात आणि मग आलेख खाली बसतो, तो बहुधा यामुळेच.

त्यामुळे "जेन ४ (एसएसडीच्या जोडणीची चौथी पिढी), ७००० एमबी प्रतिसेकंद" या आकड्यावर पैसे उधळू नका. तो एका सलग मोठ्या फाइलचा वेग आहे. विंडोज सुरू होताना, प्रोग्राम उघडताना हजारो बारीक तुकडे इथून-तिथून वाचले जातात, आणि त्या कामात जेन ३ चा चांगला ड्राइव्ह ५०-६० एमबी देतो तर जेन ४ चा ७०-८०. हातात लॅपटॉप असताना हा फरक ओळखता येत नाही. ओळखता येतो तो ईएमएमसी (स्वस्त, संथ साठवण) आणि एनव्हीएमई (आजच्या वेगवान एसएसडीचा प्रकार) यातला. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ किंवा १२८ जीबी ईएमएमसी असते, सोल्डर केलेली, सलग वाचण्यातही सेकंदाला ३०० एमबीच्या पलीकडे क्वचितच जाणारी. ६४ जीबीवर तर विंडोजचं मोठं अपडेट जागेअभावी अडतं. हा माल घेऊच नये.

टिकाऊपणाचा आकडा टीबीडब्ल्यू, म्हणजे वॉरंटीत किती टेराबाइट लिहून चालेल. ५०० जीबीच्या टीएलसी ड्राइव्हला साधारण ३००, त्याच मापाच्या क्यूएलसीला ११० पर्यंत खाली. रोज ३० जीबी लिहिलं तर ३०० टीबीला सत्तावीस वर्षं लागतात, ११० ला दहा. एकूण काळजी नको. पण ८ जीबी रॅम सतत तुडुंब भरून रोज ८० जीबी एसएसडीवर जात असेल तर ११० टीबी पावणेचार वर्षांत संपतात. कमी रॅम आणि स्वस्त एसएसडी एकमेकांना खातात ती अशी.

लॅपटॉपसोबत आलेली एसएसडी कोणत्या कंपनीची असेल हे खोक्यावर लिहिलेलं नसतं, आणि एकाच मॉडेलच्या दोन खेपांत दोन वेगळे ड्राइव्ह निघतात. परत करायची मुदत संपायच्या आत डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क ड्राइव्ह उघडून मॉडेल नंबर बघा आणि तो टीएलसी आहे की क्यूएलसी ते शोधा. क्यूएलसी निघाला म्हणून लॅपटॉप परत करायची गरज नाही. रोज व्हिडिओ कापणाऱ्यानं मात्र विचार करावा.

काय घ्यायचं याचं माझं मत थोडक्यात असं. कॉलेज आणि ऑफिसचं काम: आय५ यू किंवा ७५३०यू, १६ जीबी, ५१२. प्रोग्रामिंग: रायझन एआय ३०० किंवा अल्ट्रा एच, शक्यतो ३२ जीबी, १ टीबी. सतत प्रवास: २५६व्ही किंवा एअर, १६ जीबी, ५१२. डिजिटल सही आणि टॅली: साधा इंटेल किंवा एएमडी, एआरएम नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी दोन्हींचे भाव चढले आहेत, तेव्हा "नंतर स्वस्तात वाढवू" हा हिशोब विकत घ्यायच्या दिवशीचे भाव बघूनच करा.

स्वतः एसएसडी बदलायची तर

आधी माप. एम.२ या जातीच्या (ॲपलच्या एम२ शी संबंध नाही) एसएसडी पट्ट्या २२३०, २२४२ आणि २२८० अशा येतात. २२ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, पुढची लांबी. २२४२ च्या जागेत २२८० बसत नाही. उलट चालतं, पण ब्रॅकेट लागतो. पातळ लॅपटॉपसाठी एकाच बाजूला चिपा असलेली पट्टी घ्या. ४ टीबीच्या बऱ्याच पट्ट्यांना दोन्ही बाजूंना चिपा असतात, त्या खालच्या बोर्डाला टेकतात आणि झाकण बसत नाही. हीटसिंक चिकटवलेली पट्टीही नको. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या की ऑनलाइन, सीलबंद खोकं आणि बिल दोन्ही हवंच.

मग बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हवरच्या डेटाला विंडोज लावतं ते कुलूप. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉग-इन केलं की ड्राइव्ह बहुधा गुपचूप एन्क्रिप्ट होतो. रिकव्हरी की ४८ आकडी असते. ती खात्याच्या पानावरून कागदावर उतरवून घ्या आणि कामाला लागण्यापूर्वी एन्क्रिप्शन बंद करून ड्राइव्हचं कुलूप पूर्ण निघू द्या. हे विसरलं तर नव्या एसएसडीवरून सुरू करताना निळ्या पडद्यावर तो नंबर मागितला जातो आणि खातं दुसऱ्याच्या नावावर असेल तर फोनाफोनी सुरू होते.

नवी पट्टी एनव्हीएमई एन्क्लोजरमध्ये (यूएसबी डबीत) घालून यूएसबीनं जोडा आणि क्लोनझिला या सॉफ्टवेअरनं जुनीची जशीच्या तशी नक्कल (क्लोन) तिच्यावर उतरवा. नवी जुनीपेक्षा लहान नको. मग लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, खालचे स्क्रू काढा. लांब-आखूड स्क्रू कागदावर त्याच क्रमानं ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर वरच्या बाजूला हाताच्या टेकणीवर टेंगूळ येतं. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण बिजागरीच्या बाजूनं प्लॅस्टिकच्या पट्टीनं उचका, स्टीलच्या चाकूनं नाही. आत पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. मग एसएसडीचा एक स्क्रू काढला की पट्टी स्वतःच तिरकी उठते. नवी त्याच तिरक्या कोनात आत सरकवा, सोनेरी दात दिसेनासे झाले की दाबून स्क्रू लावा.

सुरू झाल्यावर डिस्क मॅनेजमेंटमध्ये मोकळी जागा दिसते, पण सी ड्राइव्ह वाढवायचा पर्याय करडा राहतो. कारण मध्ये रिकव्हरी पार्टिशन येऊन बसलेलं असतं, आणि विंडोजला फक्त लगतची जागा जोडता येते. पेन ड्राइव्हवरून जीपार्टेड हे पार्टिशन हलवणारं सॉफ्टवेअर चालवून ते पार्टिशन शेवटी सरकवा, मग सी वाढतो.

क्लोन न करता नव्यानं विंडोज टाकायचं ठरवलं तर इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपवर इन्स्टॉलरला ड्राइव्हच दिसत नाही आणि लोक एसएसडी खराब आली म्हणून दुकानात परततात. खराब काही नसतं. इंटेलचा व्हीएमडी ड्रायव्हर (याच्याशिवाय इन्स्टॉलरला एसएसडी ओळखता येत नाही) लॅपटॉप कंपनीच्या साईटवरून घेऊन, उलगडून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि त्याच पडद्यावर "लोड ड्रायव्हर" निवडा, ड्राइव्ह लगेच उगवतो.

जुनी एसएसडी पुसू नका. निदान महिनाभर तशीच ठेवा, आणि नंतरही लॅपटॉप वॉरंटीत दुरुस्तीला द्यायची वेळ आली तर तीच परत बसवून द्या. म्हणजे तुमचा डेटा घरी राहतो, आणि "आतला भाग बदललाय" हा काउंटरवरचा वादही होत नाही.